चिनी भाषेतलं ‘आपण’

बाबा, आज तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच!

इथे हॉलंडात, आमच्या फेल्डहोवन गावच्या वाचनालयात आज एक चिनी कादंबरीकार आल्या होत्या. उत्तर चीनमधल्या लहानशा गावच्या. कित्येक वर्षं सूतगिरणीत राबल्या आणि जेवणाच्या सुट्टीत लिहीत राहिल्या. ऑफिसातल्या मैत्रिणीकडून मी चिनी शिकले, ती यांच्याच पुस्तकांच्या नादानं. नव्या कादंबरीत शहरात गेलेली मुलगी माहेरी येते आणि आईशी बोलताना चुकीचं ‘आम्ही’ वापरते. बस, एवढ्यावरून सगळं रामायण! बाई हळहळत म्हणाल्या, “आमच्याकडे दोन शब्द आहेत. एकात ऐकणारा धरलेला असतो, दुसऱ्यात वगळलेला. इंग्रजीत, डचमध्ये दोन्हींचा एकच होतो आणि कादंबरीचा जीवच जातो.”

मी ताडकन उभी राहिले. “मराठीत आहेत ना! आम्ही आणि आपण!” अख्खी खोली वळून बघतेय, लेक माझी बाही ओढतेय, “ममा, डू नॉर्माल!” अगं, कसलं नीट वाग! बाईंनी मला पुढे बोलावलं, दोन्ही शब्द चार-चारदा म्हणून घेतले आणि म्हणाल्या, “पहिलं प्रकरण करून पाठवा. जमलं तर मराठी पुस्तक तुमचं.” बाबा, माझं!

आणि सायकलवरून घरी येताना तो फोन आठवला. मी हरखून सांगतेय, “बाबा, आम्ही घर घेतलं!” आणि जन्मभर मराठी शिकवलेले तुम्ही शांतपणे म्हणता, “‘आपण घेतलं’ म्हण.” मी वैतागले. “फोनवरही चुका काढता का हो?” तुम्ही “राहिलं” म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. मला वाटलं, व्याकरण. तुम्ही तर त्या घरात जागा मागत होतात. किती मठ्ठ मुलगी हो तुमची! नंतर तुम्ही कधी इथे आला नाहीत, आणि मीही ‘याच’ म्हणून हट्ट धरला नाही. त्याचं आज फार वाईट वाटतंय.

पहिलं पान झालंय. कादंबरीतल्या आईच्या एका वाक्यावर तासभर अडलेय, पण हे काम मी सोडणार नाही. हे पत्र टाकायचं तरी कुठे? भाषांतराच्या वहीतच राहू दे.

एक सांगायचं राहिलं. निघताना बाईंनी विचारलं, “तुमचं मराठी तपासणार कोण?” मी बोलून गेले, “माझे वडील. फार कडक आहेत.” ‘होते’ म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.