तू होडीत बसलीस त्या दिवशी

आचरा,
१८ जानेवारी

प्रिय रिया,

हे पत्र कौस्तुभच्या हाती देतोय. शेजारच्या हौसाबाईंचा मुलगा. रजा संपवून मंगळवारी मस्कतला परत निघालाय. आईसाठी कुळथाचं पीठ आणि सोलं दिली आहेत, पत्र मात्र फक्त तुझं. फोनवर मला चार वाक्यांपुढे बोलता येत नाही. ‘जेवलीस?’, ‘अभ्यास कसा चाललाय?’ आणि मग आपण दोघंही गप्प. म्हणून लिहायला बसलो. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, तेव्हा सावकाश वाच.

तुझी आजी गेल्यापासून घरात मी एकटाच आहे. एका माणसापुरता भात करायला अजून जमत नाही, रोज उरतो आणि मांजरांना जातो. आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहिली. खरं तर मीच सांगितली नाही. आपली होडी विकली, त्याला दोन वर्षं झाली. मासळी मिळेना, खलाशी टिकेनात. आता मी देवबागला दत्तारामच्या होडीवर असतो, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. तुला मात्र ‘समुद्रावर जातो’ एवढंच म्हणत आलो. ते खोटं नव्हतं, पण तुझ्या डोळ्यांपुढे जे येत असेल, ते हे नव्हतं.

मस्कतला मी तुमच्याबरोबर दीड वर्ष काढलं, तुला आठवतं का कोण जाणे. तू पहिलीत होतीस. आई हॉस्पिटलच्या ड्युटीवर गेली की मी तुला शाळेत सोडायचो. बाकीच्या मुली घोळक्याने जायच्या आणि तू माझं बोट धरून, एकटीच. मग इकडे आजी पडली, तिच्या कमरेचं हाड मोडलं. सहा महिन्यांत परत येतो म्हणून मी निघालो, त्याला दहा वर्षं झाली. सुरुवातीला तुम्ही दर मे महिन्यात यायचात. नंतर तुझे क्लास, आईची रजा, तिकिटांचे भाव. गेली तीन वर्षं आलाच नाहीत. मी कोणाला दोष देत नाही.

डिसेंबरात तू सांगितलंस की शाळेच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर गोव्याला येतेय, भक्तीची आई सोबत आहे, चारच दिवस आहेत, आचऱ्याला यायला जमणार नाही. मी म्हटलं, ‘जा, मजा कर.’ रिया, ते मी मनापासून म्हटलं होतं. माझ्या मुलीला चार मैत्रिणी आहेत, त्या तिला बरोबर नेतात, याचं मला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर गोव्याच्या गाडीची वेळ विचारून आलो होतो. मग वाटलं, तिने बोलावलेलं नाही. नाही गेलो.

आणि सत्तावीस तारखेला सकाळी, गोव्याहून डॉल्फिन बघायला, तूच देवबागला आलीस.

पांढऱ्या गाडीतून पाचजणी उतरलात. चपला हातात घेऊन वाळूतून येणारी ती तू, हे मला लांबूनच कळलं. जवळ आल्यावर तू मला पाहिलंस. तुझा चेहरा एकदम उतरला आणि तू काळा चष्मा लावलास. भक्ती तुला म्हणाली, तुला मराठी येतं ना, विचार ना यांना, डॉल्फिन नक्की दिसतील का. तू म्हणालीस, मला नीट येत नाही. बोलणं इंग्रजीत होतं, पण मस्कतला राहिलेल्या माणसाला एवढं कळतं. होडीत चढताना मी एकेकीला हात देत होतो, तुलाही दिला. तू म्हणालीस, “थँक यू, अंकल.”

तासभर आपण एका होडीत होतो. डॉल्फिन वर आले तेव्हा सगळ्या फोन घेऊन एका बाजूला धावल्या. तू जागेवरून हलली नाहीस, खाली माझ्या पायांकडे बघत होतीस. मी सगळ्यांना हिंदीत सांगत होतो, बैठ के देखो, बैठ के देखो. तुला वेगळं काय सांगणार होतो? परत आल्यावर तू गाडीपाशी थोडी थांबलीस. भक्तीने हात धरून आत ओढलं आणि गाडी निघाली.

त्यानंतर तीन रविवार तुझा फोन नाही. आई म्हणते, परीक्षा आहे. पण तू मनात काय घेऊन बसली आहेस, ते मला ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही ते सांगतो, त्यासाठीच हे पत्र. तुम्ही गाडीतून उतरत होतात, तुझं अजून माझ्याकडे लक्षही नव्हतं, तेव्हा दत्ताराम मला म्हणाला, “सत्यवान, ता चेडू तुझ्या रियासारख्या दिसता रे.” त्याने माझ्या फोनवर तुझे फोटो पाहिलेत. मी म्हटलं, “नाय रे. माझा चेडू हयसर खंय? ता मस्कतात आसा.” माझी मुलगी इथे कुठली, असं म्हटलं मी. अंगात विटका टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात पर्यटकांच्या चपलांचं टोपलं. तुझ्या मैत्रिणींनी तुझा बाप असा बघू नये, असं मला वाटलं. म्हणजे तू मला अंकल म्हणालीस ते नंतर. आधी मी तुला नाही म्हटलं. काल दत्तारामला खरं सांगितलं. तो म्हणाला, “मगे आता तिका सांग.” ते सांगितलं. आता तू फोन कर. बोलायला काही सुचलं नाही तरी कर, मी नुसता धरून बसेन.

तुझाच,
बाबा