चहाला लागलेला वास

३ मार्च

—आणि चूळ थुंकली तर मिठाच्या पाण्यात लाल धागा. बायको बॅटरी धरून उभी. "आ करा. अजून. खालची उजवी, शेवटची दाढ. काळी पडलीय."

कोपऱ्यावरच्या दातवाल्या बाईंकडे जा म्हणते. जाणार नाही. त्या सुई टोचतील, अर्धी जीभ बधिर होईल, वर औषधाचा वास आठवडाभर. चहाचा मोठा माल गोदामात येऊन पडलाय, त्यातला कप न् कप मला चाखायचा आहे. हे घर माझ्या जिभेवर चालतं.

"मग लवंगेचं तेल तरी लावा."

लवंग लावली तर सगळा माल लवंगेचा लागेल. गालावर थंड फडकं धरलं. एक गोळी घेतली. दोन उशा घेऊन निजतो.

४ मार्च

मेव्हणा नमुने घेऊन चाखायच्या खोलीत आला. गोदाम त्याच्याकडे आहे. मीच त्याला तिथे चिकटवलं होतं.

"दाजी, गाल जड दिसतोय."

फडकं घरी. गोळी घरी. कचेरीत मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मग याला कोणी सांगितलं? भाऊ-बहीण रोज फोनवर बोलतात.

जाताना हळूच म्हणाला, "गोळी कुटून हिरडीला चोळा. आमच्या हमालाची ठणक तासात गेली." चष्मेवाली, माझ्या हाताखालची चाखणारी, शेजारच्या खुर्चीवर चाखत होती. तिने चमचा खाली ठेवला. ऐकलं असणार.

५ मार्च

चोळली. हिरडी पांढरी पडली, मग कातडं सुटलं. आग आग.

ही डोक्याला हात लावून बसली. "गोळी गिळायची असते! त्याने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत? एरवी तर त्याचं एक ऐकत नाही."

तेच म्हणतो मी. त्याने सांगितलंच कशाला?

शेवटी लवंगेचं तेल. कापसाचा बोळा, दाढेत. गार पडलं, झोप लागली.

६ मार्च

नव्या मालाचे पहिले कप. घोट ओढला, जिभेवर फिरवला, पिकदाणीत थुंकला. चहाच्या मागे काहीतरी आहे. लवंग आहेच, पण तिच्याही खाली. ओलं लाकूड. तुंबलेली मोरी.

चष्मेवालीला विचारलं.

"मला तर स्वच्छ लागला."

आणि माझ्या गालाकडे बघितलं. माझ्या खुर्चीवर तिचा डोळा आहे, हे काय मला ठाऊक नाही?

लवंग बंद. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही.

७ मार्च

ठणका कानापर्यंत. मीठ-पाणी, थंड फडकं. बाकी काही नाही.

८ मार्च

दोन दिवस लवंगेला हात लावला नाही. वास तसाच. उलट वाढलाय. म्हणजे माझं तोंड नाही, मालच.

मधल्या सुट्टीत गोदामात गेलो. मेव्हणा जेवत होता, तोंडात घास तसाच ठेवून उठला. एवढं दचकायला काय झालं? मागच्या भिंतीला एक ओली गोणी सापडली.

"दाजी, ती फरशी पुसायची गोणी आहे."

"आणि पेट्यांजवळ?"

"हातभर लांब आहे की. मोजा हवं तर."

मोजलं नाही. सरळ साहेबांकडे गेलो. मालाला ओल लागली, वास धरला, म्हणून सांगितलं. चष्मेवालीला बोलावलं. ती म्हणाली, तिला काही लागलं नाही. साहेबांनी दोघांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "तुमच्या जिभेवर मी कधी शंका घेतलेली नाही."

माल थांबला. साहेबांनी मेव्हण्याकडून किल्ल्या घेतल्या आणि त्याला घरी बसवलं. जाताना त्याने डबा धुतला, पुसला, पिशवीत घातला. माझ्याकडे पाहिलं नाही. खरा असता तर भांडला असता.

९ मार्च

हिने सकाळपासून तोंड उघडलेलं नाही. संध्याकाळी एकच वाक्य: "आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कोणाला?"

निजताना मात्र कोमट मीठ-पाण्याचा पेला नेहमीच्या जागी. मी उचलला. नाकाजवळ नेला. वास घेतला.

ही दारातून बघत होती. आली, पेला माझ्या हातातून घेतला, एक घोट प्यायली, तोंड वाकडं केलं आणि परत ठेवला.

"झालं समाधान?"

१० मार्च

ठणका गेला! सकाळी उठलो तर काही नाही. दाढेवर चमच्याने ठोकून पाहिलं, ढिम्म. दातवाल्या बाईंच्या नावाने उगाच घाबरवत होते सगळे. ताप थोडा आहे. तो जागरणाचा.

हिला सांगितलं. ती पिशवी भरत होती. भावाकडे चाललीय, त्याला एकट्याला अन्न जात नाही म्हणून.

११ मार्च

गालाची उशी झाली. उजवा डोळा अर्धा मिटलेला. तोंड उघडेना. गेलो.

दातवाल्या बाई तरुण आहेत, हात घट्ट. "दुखायचं थांबलं म्हणून बरं वाटलं असेल. आतली शीर मेली, म्हणून थांबलं." पू काढला. दाढ काढली. चिमट्यात धरून दाखवली. नको म्हटलं तरी दाखवली.

"आठवडाभर तरी पू जिभेवर झिरपत होता. घाण चव आली नाही तोंडाला? खाल्लेलं-प्यायलेलं सगळं नासल्यासारखं?"

नाही म्हणालो.

"कमाल आहे. काम काय करता?"

"कचेरीत असतो."

१४ मार्च

भूल कधीच उतरली. सूजही. बाईंनी गरम प्यायला मनाई केली आहे. बरंच झालं. चाखायला नको.

घरात मीच. फडकं दोरीवर वाळून कडक झालंय.

हातभर लांब होती गोणी. मी डोळ्यांनी पाहिली होती.

साहेबांचा निरोप आला. माल उद्या मातीमोल भावात काढणार. गोदामावर नवा माणूस उद्यापासून. बरं वाटत असेल तर सकाळी या, म्हणाले. तुमच्यामुळे वाचलो, असंही म्हणाले.

१५ मार्च

सगळ्यांच्या आधी गेलो. त्याच मालाचा कप केला, निवू दिला, चाखला. स्वच्छ. दुसऱ्या पेटीतला केला. स्वच्छ. चष्मेवाली आली, कपांकडे बघून खुर्ची ओढून बसली. साहेबांना सांगितलं: वास मालाला नव्हता, माझ्या तोंडाला होता. त्यांनी माझा चाखायचा चमचा ठेवून घेतला आणि गोदामाच्या किल्ल्या दिल्या. त्या घेऊन मेव्हण्याकडे गेलो. दार हिने उघडलं. त्याने किल्ल्या एकेक करून पाहून घेतल्या. चहाचं कोणी विचारलं नाही.