दोन किलो चारशे दहा

फुलसावंगी, मंगळवार

सौ. रुपालीताईस आणि भाऊजींना कपिलचा वाकून नमस्कार. भाऊजींचा खोकला राजूरच्या खाणीतल्या कोळशाचा की विडीचा, हे डॉक्टरांनी ठरवले का? इकडे आई, खुशी आणि तुझी नवी भाची (अजून बिननावाची) सुखरूप आहेत. शुक्रवारी मी फोनवर ओरडून तिचे जे वजन सांगितले, ते कृपया मनातून खोडून टाक. फोनवर आकडे हवेत जातात, म्हणून दुरुस्ती लेखी करत आहे.

खुशीच्या आईचा पाय मोडल्यामुळे बाळंतपण आपल्याकडेच झाले, आणि पोर भरली दोन किलो दीडशे ग्रॅम. (‘ग्रॅम’वर अर्धचंद्र असतो. वामनकाकांच्या दुकानाच्या पाटीवर नाही.) अंगणवाडीच्या शीलाताई म्हणाल्या, अडीच किलोच्या खाली म्हणजे फार जपायचे. तेव्हाच मी ठरवले, अडीच किलो भरल्यावरच बारसे. त्या दिवसापासून ताई, मला नीट झोप नाही. किलो हा प्रकार मला आजवर बटाट्यांपुरता माहीत होता. पण एक किलो म्हणजे फुलसावंगीत जेवढा तेवढाच राजूरला, दिल्लीला आणि समुद्रापलीकडेही, हे कोणी आणि कसे जमवले असेल? आपल्या दोन गावांत पायली एक नव्हती! आणि भाऊजी सांगतात, त्यांच्या कोळशाच्या काट्यावर वीस किलोच्या आतले काही दिसतच नाही. म्हणजे आपली पोर त्या काट्यावर ठेवली तर काटा शून्य दाखवेल. इकडे तिच्या भाराने अख्खे घर वाकले आहे.

तर शुक्रवारी संध्याकाळी मला धीर निघेना. शीलाताई प्रशिक्षणाला गेलेल्या. मी बाळाला वामनकाकांच्या किराणा दुकानात न्यायला निघालो. आई दारात आडवी. “पोराले कोणी जोखते काय रे? जोखाव त तुरी, कापूस! नजर लागन तिले.” मी ऐकले नाही. शेवटी आईने स्वतः बाळाला दुपट्यात गुंडाळले आणि तीही मागोमाग निघाली. दुकानात मी आधी तसलेच दुसरे दुपटे ठेवून काट्याचा धडा केला. (शाळेत धडा म्हणजे पाठ, आणि काट्यावर धडा म्हणजे रिकाम्या भांड्याचे वजन आधी फेडून घेणे. पहिला मला कधी जमला नाही, म्हणून दुसऱ्याचा अभिमान.) मग बाळ ठेवले. दोन किलो चारशे दहा! पण काट्यावर तूरडाळीचा भाव तसाच राहिला होता, त्यामुळे शेजारच्या खान्यात तीनशे सदतीस रुपये चाळीस पैसे असेही उमटले. वामनकाका म्हणाले, “वरचे चाळीस पैसे सोडले, जाय घेऊन.” आई कडाडली, “माह्या नातीची किंमत करून राह्यला काय रे, मुडद्या?” मला काहीच ऐकू येत नव्हते. मी तिथूनच तुला फोन केला आणि उरलेले नव्वद ग्रॅम तोवर भरतीलच असे धरून रविवारचे बारसे ठरवून मोकळा झालो.

शनिवारी सकाळी शीलाताई आल्या. त्यांच्या काट्यावर दोन किलो एकशे नव्वद. रात्रीतून लेकरू एवढे उतरते काय? मी साखरेची एकच पुडी दोन्ही काट्यांवर ठेवून पाहिली, दोन्ही खरे बोलत होते. मग खोटे कोण? दुपारी आई सुपारी कातरायला अडकित्ता शोधू लागली. सापडेना. खुशीने कालचे दुपटे झटकले आणि तो ठण्णकन फरशीवर पडला. काट्याची नजर लागू नये म्हणून आईने लोखंड बाळाच्या पाठीशी गुंडाळले होते! मी धावत जाऊन अडकित्ता जोखला. दोनशे वीस. ग्रॅमला ग्रॅम! ताई, अंगावर काटा आला. (हा वेगळा काटा.) आईची माया आतापर्यंत कोणी मोजली नव्हती, ती चुकून माझ्याकडून मोजली गेली. बारसे अर्थातच पुढे ढकलले आहे. तुझ्या लेकीला मामाचा गोड पापा.

तुझा भाऊ,
कपिल

ता. क. पत्राचे खरे कारण लिहायचे राहिले. मी चारचौघांत म्हणालो, “बारसं अडकित्त्याचंच करू मग.” तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. “त्याले म्हणा जेवून घे,” असे गाईला सांगते. तू फोन करून तिची समजूत घाल.

ता. क. २ दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती नको, म्हणून हे पत्र दोन आठवडे रोखून ठेवले. आज शीलाताईंचा काटा: दोन किलो पाचशे वीस. बिनकपड्याचे! आईनेच दुपटे सोडले, अडकित्ता माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “धर. नाईतर मंग माह्यावर घेशीन.” लगेच बाळाने काट्यावरच शू केली. ती वजा करायची का, असे मी विचारले. शीलाताईंनी काटा पुसायचे फडके माझ्या दुसऱ्या हातात दिले.

ता. क. ३ म्हणजे फोनची आता गरज नाही. येत्या रविवारी ये, आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? वाळे आणशील तर त्यांचे वजन चिठ्ठीवर लिहून आण. आणि आईचा निरोप, तिच्याच शब्दांत: “रुपालीले सांग, नाव लहानसंच आणजो. एवढुश्या जिवाले उचलता आलं पाहिजे.”