रॅकला पाय ओळखता येत नाही

प्रिय छोट्या,

चाळिशी उलटली तरी घरात तू छोट्याच राहिलास, म्हणून पत्रातही तेच. बँडच्या नव्या गिटारवादकाला रॅक चालवता यावा यासाठी सगळे सोप्या भाषेत लिहून पाठवावे, असा तुझा निरोप साउंडवाल्याने दिला. स्वतः विचारायला तुझी जीभ रेटली नसावी. तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझा जन्म गेला. कुणी ‘समजावून सांगा’ म्हटले की मला राहवत नाही, हे तू जाणतोस. तेव्हा नीट बस आणि वाच. अर्ध्यावर उठून जाण्याची तुझी लहानपणची सवय आज बाजूला ठेव.

प्रथम पेडल समजून घ्यावे लागेल, कारण जे सोडले ते कळल्याशिवाय जे घेतले ते कळत नाही. माझ्या पायाशी फळीवर पेडलांची रांग असे. गिटारचा आवाज केबलमधून पहिल्या पेडलात शिरे, तिथून पुढच्यात, असा शेवटी स्पीकरपर्यंत पोहोचे. एक पेडल आवाजाला धार देई, दुसरे प्रतिध्वनी देई. ज्यावर मी पाय दिला तेच जागे होई. एक तर इतके हट्टी होते की टाचेचा दणका खाल्ल्याशिवाय हलत नसे. पण पाय आणि आवाज यांच्यामध्ये तिसरे कुणी नव्हते. चुकले तर माझे, साधले तरी माझेच. तुला ते खुपत होते. बाई मान खाली घालून लंगडी खेळतात, लोकांना वाटते कानातले हरवले आहे, असे तू सगळ्यांदेखत म्हणायचास आणि ड्रमवाला खो-खो हसायचा. विनोद बरा होता, मीही हसले. रॅकचा तुझा हट्ट तिथूनच सुरू झाला.

आणि खरे सांगते, रॅक आला तेव्हा मी हरखले. काय सुंदर रचना आहे ती! आवाज घडवणारी सगळी यंत्रे एका लोखंडी चौकटीत, एकावर एक, रंगमंचाच्या मागे. पायाशी उरते फक्त स्विचची एक पट्टी. त्या पट्टीतून गिटारचा आवाज जातच नाही. जातो तो केवळ एक आकडा. ‘एक’ म्हणजे कोरडा, साधा आवाज. ‘सात’ म्हणजे आपल्या शेवटच्या गाण्यातल्या माझ्या एकल वादनाचा भरलेला, लांब घुमणारा आवाज. आकडा पोहोचला की सगळी यंत्रे एका दमात आपापली जागा घेतात. पूर्वी ज्याला तीन दणके लागत, ते एका स्पर्शात. ‘सात’ बसवायला मी अख्खी सुट्टी घालवली. घुमणारा सूर तुझ्या शेवटच्या कडव्याच्या पहिल्या शब्दापाशी विरावा, तुझा शब्द झाकला जाऊ नये, अशा बेताने बसवला. तुझ्यासाठी, छोट्या.

आता नीट लक्ष दे. माझी पट्टी ऐन कार्यक्रमात बिघडली तर काय, म्हणून मी एक जादा पट्टी केली आणि एक छोटी डबी बसवली. दोन्ही पट्ट्यांच्या केबल त्या डबीत एकत्र येतात आणि पुढे एकच केबल रॅकला जाते. जादा पट्टी साउंडवाल्याजवळ राहायची, असे ठरले होते. आकडा कुणी पाठवला, हे रॅकला कळत नाही. शेवटचा आला तो खरा. रॅकला पाय ओळखता येत नाही.

नगरसभागृहातला कार्यक्रम आठव. मी ‘सात’ दाबला, एकल वादन सुरू केले, आणि दुसऱ्याच ओळीत आवाज एकदम कोरडा पडला. भर सभेत अंगावरची शाल कुणी ओढून घ्यावी तसे झाले. पूर्वी त्या जागी टाळ्या पडत आणि त्या ओसरेपर्यंत तुला शेवटच्या कडव्यासाठी थांबावे लागे. त्या दिवशी थांबावे लागले नाही. पुढच्या कार्यक्रमात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. तू सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “ताई, पाय चुकला गं. होतं असं.”

बाबांचे आजारपण कसे सुरू झाले, ते आपण दोघांनीच जवळून पाहिले. मशीनच्या पायडलवरून त्यांचा पाय घसरू लागला आणि शिवण वाकडी पडू लागली. गिऱ्हाइके हसत आणि बाबाही हसत. नंतर त्यांना घास भरवावा लागला. तुझे ‘पाय चुकला’ ऐकल्यावर मला झोप कशी लागली असेल, याचा तू विचार केलास का? केला असणार. कारण ती भीती मी फक्त तुझ्यापाशी बोलले होते. नसांच्या डॉक्टरांकडे तू माझ्यासोबत आलास. बाहेरच्या बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसलास. आत ते माझ्या तळव्यावर सुई टोचून ‘जाणवतंय का?’ विचारत होते. पायात काही दोष नाही, असे ते म्हणाले. तू घरी येताना म्हणालास की सुरुवातीला तपासणीत काही दिसत नाही, बाबांचेही तसेच झाले होते.

पायात दोष नसेल तर तो दुसरीकडे शोधावा, एवढे तर मी मुलांनाही शिकवते. म्हणून परवाच्या तालमीत मी एक साधा प्रयोग केला. साउंडवाला रजेवर होता. शेवटच्या गाण्याआधी मी ‘सात’ दाबला आणि माझ्या पट्टीची केबल उपसून तिचे टोक खिशात घातले. त्यानंतर माझा पाय रॅकला काहीच सांगू शकत नव्हता. एकल वादन आले, दुसरी ओळ आली, आणि रॅकवरच्या सातचा एक झाला. तू डोळे मिटून, हात छातीशी घेऊन उभा होतास. पायाचा चवडा तेवढा तुझ्यासमोरच्या स्पीकरमागे होता. गाणे संपले. तू कळवळून विचारलेस, “पुन्हा चुकला का गं?”

केबलचे टोक माझ्या मुठीत होते. मी “हो” म्हणाले आणि बँड सोडते असेही सांगितले. तुम्ही सगळे चहाला गेलात. मी गालिचा उचलून दुसऱ्या केबलचा माग काढत गेले. ती स्पीकरमागच्या जादा पट्टीशी संपली. मी तिला हात लावला नाही.

माझी जागा भरायला तुला मुळीच वेळ लागला नाही. तो चष्मेवाला गिटारवादक बहुधा आधीच ठरलेला होता. तुझे माझ्याशी काय व्हायचे ते झाले. पण तो भला माणूस आहे, हाताने गोड वाजवतो, आणि त्यालाही एखाद्या दिवशी टाळ्या पडतील. हे पत्र तुझ्या नावाने लिहिले, शिकवणी मात्र त्याची आहे. इथवरच्या मजकुराची एक प्रत आज सकाळी त्याला देऊन आले. त्याने माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचले, चष्मा पुसला आणि एकच शंका विचारली: डबीतली दुसरी केबल कोणत्या बाजूची? मी सांगितले, डावीकडची. ती काढून मगच वाजवायला उभा राहीन, म्हणाला. रॅक तुम्हाला ठेवा. माझी जुनी फळी मी माळ्यावरून खाली काढली आहे. हट्टी पेडल अजून दणका मागते, आणि माझी टाच तो नेमका देते.

तुझीच, धडधाकट पायांची,
ताई