टेबलाखाली सापडलेला चष्मा

४ मार्च, मंगळवार

नंबर तीनदा मोजला. तीनदा तोच आला.

सकाळी एक ताई आल्या दुकानात. साठीच्या, निवृत्त नर्स. त्यांचा भाऊ छापखान्यात प्रुफं तपासायचा. अकरा वर्षांपूर्वी तिथेच कुणीतरी डोक्यात काहीतरी जड घालून त्याला मारलं. त्या वेळी मी पेपरातलं अक्षर न् अक्षर वाचलं होतं, कात्रणं अजून आहेत. खुनी सापडलाच नाही. आता तपास बंद झाला, पोलिसांनी वस्तू परत केल्या, त्यात हा चष्मा.

"भावाचा म्हणून दिलाय. पुसून द्या, आणि नंबर तेवढा लिहून द्या." घरी न सांगता आल्या होत्या.

काचा पातळ. अधिक दीड. डावीत प्रिझम — एकाची दोन दिसतात त्यांना देतात तो. तीस वर्षं काचा घासतोय, असे चष्मे बोटांवर मोजण्याइतके केले असतील.

विचारलं, भावाचा नंबर काय होता?

"उणे नऊ. चष्मा काढला की मीसुद्धा ओळखू यायची नाही त्याला."

मग हा कुणाचा? ताईंनी नंबरचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. चष्मा माझ्याकडेच राहू दे म्हणाल्या.

६ मार्च

ठाण्यात जाऊन आलो. हवालदार म्हणाला, "चष्म्याचं दुकान आहे ना? मग चष्मे विका."

७ मार्च

ही म्हणते, "लोक चष्म्यातून माणसं बघतात, तुम्ही माणसांचे चष्मे बघता." खरंय. गिऱ्हाईक आलं की नजर आधी डाव्या काचेवर. शेजारचा शिंपी, बँकेतले साहेब — कुणाला सोडलं नाही. साडूलासुद्धा.

९ मार्च, रविवार

तेव्हाच्या फौजदारांना गाठलं. निवृत्त आहेत, कुंड्यांत माती भरत होते.

"टेबलाखाली चष्मा पडला होता. मेलेल्याला चष्मा होता. झालं."

आणि त्याचा स्वतःचा? फुटलेल्या काचा होत्या म्हणे जमिनीवर. झाडून टाकल्या. छापखान्याच्या मालकाला दुपारी मशीन सुरू करायचं होतं, म्हणून फोटो काढायच्या आधीच फरशी धुऊ दिली — ह्यांनीच! मी त्यांचं नाक बघत होतो. साधा वाचायचा चष्मा.

फाटकापर्यंत सोडायला आले. "बाईंना सांगा, खपली काढू नका." का बरं? कुणाला पाठीशी घालतात? की नुसती लाज वाटते? माणूस पापी दिसत नाही, आळशी दिसतो. पण आळशी माणसाच्या आड कुणीही लपतं.

१२ मार्च

दुकानातली गिऱ्हाइकांची जुनी कार्डं चाळली. प्रिझमची चार. दोघे खुनाआधीच वारलेले, एक लहान मुलगी, एक आजीबाई. हा चष्मा माझ्याकडे केलेला नाही.

१४ मार्च

आज वेगळंच डोक्यात आलं आणि जेवण गेलं नाही. उणे नऊच्या काचा म्हणजे बाटलीचं बूड. सख्खी बहीण, तीही नर्स. हा त्याचा नाही, हे तिला हातात घेताक्षणीच कळलं असणार. मग माझ्याकडे कशाला आल्या? नंबर लिहून कशाला हवा होता?

इतके दिवस सगळ्यांवर संशय घेतला, फक्त समोर बसलेल्या बाईवर नाही.

१५ मार्च

ताई दुपारी आल्या. बसल्या नाहीत. पिशवीतून दुसरा चष्मा काढला, वापरातला.

"ह्यांचा आहे. झोप लागलीय त्यांना. मोजा."

नंबर वाढलाय. डाव्या काचेत तोच प्रिझम, तेवढाच, त्याच दिशेला. कागदावर लिहिलं. त्यांनी पर्समधला कागद शेजारी ठेवून वाचला.

"भाऊ गेला त्याच आठवड्यात ह्यांनी नवा चष्मा केला. जुना बसमध्ये राहिला म्हणाले. अकरा वर्षं वाढतेय मी त्यांना ताटात."

मग म्हणाल्या, "आत्ताच ठाण्यात चला माझ्याबरोबर. घरी गेले तर पुन्हा पाऊल निघायचं नाही."

दुकानाला कुलूप लावलं.