दादाला माझी सही लागेल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आजपासून रोज लिहायचे. मूल्यमापनाचे काम मिळाले! परदेशी निधीवर पवनी तालुक्यात तीन वर्षे संशोधन झाले: शेतीच्या कागदावर बायकांची नावे किती, नसतील तर का नाहीत. त्याचा गावाला काय उपयोग झाला, ते मी तपासायचे. तीस बायका, दहा दिवस. मी सातच दिवसांत करीन. घरातली पहिली ग्रॅज्युएट उगाच नाही झाले.

संध्याकाळ. मनिषदादा म्हणतो, हायवेला लागून असलेले आपले शहापूरचे वावर धाब्यासाठी विकायचे. आई अजूनही दर पावसाळ्यात त्यात भाताच्या रोवणीला उतरते! बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावे चढली: आई, दादा, मी. ठणकावून सांगितले, माझी सही मिळणार नाही. दादा भात कालवत राहिला. घाबरला.

५ नोव्हेंबर
पवनीजवळच्या गावात पहिला दिवस. संशोधनाचा अहवाल इंग्रजीत, दोनशे बारा पाने. गावात कोणी पाहिलेलासुद्धा नाही. तीस बायकांपैकी पहिल्या, जिजाबाई, म्हणाल्या, आलता वो एक पोरगा. तीनदा इचारलन जमीन कोनाची. मी तीनदा सांगतलं, बुढ्याची. मंग चाय पेला अन् गेला.
तीन वर्षांचे संशोधन आणि एक कप चहा! तळपायाची आग मस्तकात गेली.

७ नोव्हेंबर
आज कहर. जिजाबाईंनी माहेरचा हिस्सा हक्कसोड करून भावाला दिला. कागद वाचून न घेता अंगठा! इकडे चालच आहे: बहीण हिस्सा सोडते, भाऊ भाऊबीजेला भारी साडी नेसवतो. एका साडीत अख्खे शेत? भर बैठकीत ओरडले, एवढ्या कशा भोळ्या तुम्ही?
जिजाबाई शांतपणे म्हणाल्या, तुमची साडी मस्त आहे वो मॅडम. कोसा होय ना?
म्हटले, हो, कोसा रेशीम, करवती काठाची, तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला दादाने दिली. सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. बायकांशी चांगले जमले आहे.

१० नोव्हेंबर
शुक्रवारी वावर घेणारा येणार म्हणे. येऊ दे. माझ्या सहीशिवाय धुऱ्यावरचे गवतही विकता येणार नाही. आईला तासभर कायदा समजावला. ती म्हणाली, तुले मालूम नाही का? मग सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली. बिचारीला कायद्यातले काय कळणार?
दादा म्हणाला, दामे, तू तुया रिपोर्ट लिही ना. ही धमकीच. तारखेसह नोंद केली.

१२ नोव्हेंबर
संशोधन कुठे चुकले ते सापडले! बायकांना त्यांचा सातबारा कोणी दाखवलाच नाही. मोबाईलवर दोन मिनिटांचे काम. शुक्रवारी मीच दाखवणार. नमुना म्हणून माझाच उघडीन, म्हणजे त्यांना धीर येईल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार
समाजमंदिरात पंधरा बायका. तीच कोसा साडी नेसले होते. गट नंबर टाकला, मोबाईल उंच धरला.
सातबाऱ्यावर एकच नाव. दादाचे. आईचे आणि माझे कंसात, वरून रेघ. खाली फेरफार: हक्कसोड लेख, जून २०२२.
जून २०२२. रजिस्ट्रार ऑफिस. दादा म्हणाला होता, वारसाचे कागद आहेत. दुसऱ्या दिवशी माझा पेपर. क्लार्कने विचारले, ताई, वाचलं का? मी नोट्समधून मान न काढता म्हटले, हो हो, लवकर करा.
जिजाबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग साडीकडे. म्हणाल्या, मले त वाचता येत नाही, मॅडम. तुमाले काय झालतं?

संध्याकाळ
घरी आले तेव्हा वावर घेणारा चहा पिऊन गेला होता. दादाची एक सही पुरली. दादावर घसा बसेपर्यंत ओरडले. तो म्हणाला, मी काय लपवलो? तूच त म्हनली, लवकर करा.
आई चुलीत लाकडे सारत राहिली.

१५ नोव्हेंबर
तीस फॉर्म भरून झाले. एक कोरा उरला होता, तोही भरला.
शिक्षण: पदवी.
वाचता येते का: हो.
हिस्सा सोडताना कागद वाचला का: नाही.
मोबदला: साडी, एक.
संशोधनाचा उपयोग झाला का: झाला. काल.