सोडलेल्या गावांच्या गोष्टी

घणसोली गाव,
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. स्व. दादास,

रणजीतचा नमस्कार. तुझ्याआधी जे साहेब हे पत्र उघडून वाचतील त्यांनाही नमस्कार. त्यांना त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

इकडे मी बरा आहे, कोपरखैरण्याला सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत धरतो, पण ती बाजाराला जाऊन येते. वैष्णवीची बारावीची प्रॅक्टिकल जवळ आली आहेत. आबा ठीक आहेत. महाप्याच्या फ्लेक्सच्या दुकानात सध्या श्वास घ्यायला वेळ नाही. निवडणुकीआधी विनंतीचे बॅनर होते, आता अभिनंदनाचे आहेत. ऱ्हस्व-दीर्घ मी तपासतो. शेठ गिऱ्हाइकांना सांगतो, "नववी नापास आहे, पण मेला वेलांटीला सोडत नाही." मी हसतो.

मागच्या मुलाखतीत जेलच्या काचेपलीकडून तू म्हणालास, "पत्रात केस लिहू नको. केस मला पाठ आहे. गावाची एखादी गोष्ट लिही, कुणाला माहीत नसलेली. बराकीत वाचून दाखवतो." आणि वेळ संपता संपता तू आबांच्या कागदांचं विचारलंस. फोन बंद झाला आणि मी नुसता हात हलवला. त्याचं उत्तर याच पत्रात देणार आहे. आधी गोष्टी लिहितो.

तुझ्या बराकीतले ते नेरुळचे जयप्रकाश अण्णा मागच्या गोष्टीला खोटं म्हणाले ना? त्यांना विचार, आपण एका शहरात राहतो का? घणसोली ठाणे जिल्ह्यात आहे. तू बसला आहेस ते तळोजा रायगड जिल्ह्यात. महानगरपालिकाही वेगळी. लोक दोन्हीकडे "नवी मुंबई"च म्हणतात. म्हणजे एकाच शहरात राहून मी तुला परजिल्ह्यातून पत्र लिहितो आहे.

दुसरी गोष्ट अण्णांच्याच भागातली. वाशी-नेरुळकडे सेक्टरांच्या कडेला जी मोठी तळी दिसतात, जिथे लोक सकाळी चालायला जातात, ती शोभेची नाहीत. भरती मोठी आली की त्या भागातली जमीन खाडीच्या पाण्याहून खाली असते. म्हणून पावसाचं पाणी आधी तळ्यात साठवतात. खाडीच्या तोंडाशी झडपा आहेत. भरतीचं पाणी ढकलतं तशा त्या मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाऊ देतात. ही पद्धत डच लोकांची. एका सोसायटीचा बोर्ड करताना तिथले एक निवृत्त इंजिनीअर आले होते, त्यांनी सांगितली. बोर्डावर "लेक व्ह्यू" लिहायचं होतं. मी म्हटलं, "सर, मग हे तळं नाही तर काय आहे?" ते म्हणाले, "बाळ, बादली आहे. पण बादली व्ह्यू म्हटलं तर फ्लॅट कोण घेईल?"

तिसरी. तुला आता विमानांचा आवाज येत असेल. नाताळात विमानतळ सुरू झाला. तिथे आधी डोंगर होता हे सगळ्यांना माहीत आहे, पण एक नदीही होती. उलवे नदी. डोंगर कापला आणि नदी उचलून बाजूला नेली. नदीचा रस्ता बदलता येतो हे मला खरं वाटत नव्हतं. शाळेत आपल्याला कृष्णा-कोयनाच पाठ होत्या, आणि त्यांना कुणी हलवत नाही.

कृष्णा-कोयनेवरून कऱ्हाड आठवलं. तिथे दोन नद्या समोरासमोरून येऊन थेट एकमेकींना भिडतात, हे तूच मला पहिल्यांदा सांगितलंस. तू तिथल्या ट्रान्सपोर्टमध्ये होतास तेव्हाची गोष्ट. मी सहावीत होतो. पुढे इचलकरंजीहून फोन केलास, की इथे रात्री लाइट गेली तर माणसं जागी होतात, कारण मागांचा आवाज थांबतो. ते मी वर्गात सांगितलं होतं आणि बाईंनी परत सांगायला लावलं होतं. तुझ्याकडे प्रत्येक गावाचं असं काहीतरी असायचं. मला वाटायचं, शाळा सोडली तरी चालेल, दादा आहे.

निळ्या कुत्र्यांची लिहू की नको, हे ठरत नव्हतं. तळोज्याच्या एमआयडीसीत काही वर्षांपूर्वी कुत्री खरोखर निळी झाली होती, कुठल्याशा कारखान्याच्या रंगाने. तूच फोटो पाठवला होतास. मी म्हटलं, मोबाइलवर रंगवलंय. तू चिडलास, "अरे माझ्या टँकरपुढनं गेलं ते." हे केसच्या फार जवळ जातं, म्हणून थांबतो. रसायनाचा टँकर तू चालवत होतास, नाल्यावर व्हॉल्व्ह उघडला तो दुसऱ्याने, आणि त्या वासाने वस्तीतले ते बाबा गेले तेव्हा मालक गायब आणि तू गाडीत. असं तू सांगतोस आणि मी ते मानतो. बस. पुढे लिहीत नाही.

जामीन मंजूर आहे हे सगळ्यात वाईट. नामंजूर असता तर आपण वाट बघणं सोडलं असतं. दिवाळी गेली, नाताळ गेला, तू आतच, कारण आदेशात स्थानिक जामीनदार लिहिला आहे, ज्याचं स्वतःचं घर कागदावर आहे असा. रोख भरून चालत नाही. अट सैल करायचा आपल्या वकील स्मिता मॅडमचा अर्ज एकदा फेटाळला गेला. हे तुला माहीत आहे, पण मला वाक्य अर्धं सोडवत नाही.

तर आता चौथी गोष्ट. आपण ज्या घरात राहतो ते घर नाही.

जानूकाका स्वतःहून जामीन राहायला तयार झाले. मी विचारलंही नव्हतं. भाडं द्यायला खाली गेलो तर म्हणाले, "पोऱ्या, तुजे भावाला मी सोरवतो. चार माल्याचा मालक हाय मी. मना कोन नाय बोलनार?" कोर्टाच्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट घातला आणि लग्नातली अंगठी. कमळीकाकूंनी डबा दिला, कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. भाकऱ्या मोजून तिघांच्या होत्या. म्हणाल्या, "येताना त्याला रिक्षान बसवा न तितंच खायला द्या. जेलचा खाऊन आलेला पोर हाय."

कारकुनाने घराचा उतारा मागितला.

"उतारा कसला? घर हाय ना. चला, दाखवतो. रिक्षा मी करतो."

"काका, कागदावर दाखवा."

काकांनी घरपट्टीच्या पावत्या काढल्या, वर्षावर्षाच्या, रबर लावलेल्या. कारकुनाने एक उलगडून माझ्याकडे दिली. "खालची ओळ वाच." मी वाचली. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, असं छापलं होतं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

काकांनी पावत्यांना परत रबर लावलं. मग म्हणाले, "पट्टी घेताना घर हाय, न जामीन राताना घर नाय?"

"नाही काका."

"जमीन सरकारनी नेली, मिठागर नेलं, हे शहर बांधलं. आमी र्‍हायाचं कुठं, म्हनून गावठानात बांधलं. हाय का ते कागदावं?"

कारकून हसला, पण वाईट नाही हसला. "मी करावे गावचा आहे, काका. माझं घर तीन माळ्यांचं आहे. मीसुद्धा कुणाला जामीन राहू शकत नाही."

म्हणजे बघ, जुन्या गावांतल्या या एवढ्या इमारती, त्यांत राहणारे आपल्यासारखे हजारो भाडेकरू, आणि कागदावर बहुतेकांच्या डोक्यावर छप्परच नाही. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, त्यांचीच घरं शहराला दिसत नाहीत. ही गोष्ट अण्णांना सांग. यावर ते वाद घालणार नाहीत.

डबा आम्ही तिथेच जिन्याजवळ बसून खाल्ला. घरी परत न्यायची काकांची हिंमत नव्हती. तिसऱ्या वाटणीच्या भाकऱ्या त्यांनी मला खायला लावल्या.

मग राहिला एकच कागद. कोपरखैरण्याची आबांची माथाडी वसाहतीतली खोली.

हे लिहायला लागू नये म्हणून मी गोष्टी मधे घालत होतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

मागच्या रविवारी गेलो. आबांनी मी काही बोलायच्या आधीच ट्रंकेतून पिशवी काढली. वाटपपत्र, सोसायटीचा दाखला, सगळं नीट. म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच." मी सगळं वाचलं. नाव बाबासो ज्ञानू साळुंखे, खोली क्रमांक, क्षेत्रफळ, शिक्का. आई स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून ऐकत होती. मला वाटलं, झालं. आता उद्याच मॅडमना फोन करायचा.

"समदं बराबर हाय?"

"बरोबर आहे, आबा."

"मग ठेव परत पिशवीत."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "आबा, दादाच्या जामिनाला..."

"ठावं हाय मला कशाला. ठेव."

आई म्हणाली, "अवो, पोरगं कुजतंय की तिकडं."

आबा तिच्याकडे न बघता माझ्याशीच बोलले. "तो भायेर आला की जाणार. कऱ्हाडला मालकाची गाडी रस्त्यात सोडून गेला. इचलकरंजीला खोलीत कापडं तशीच टाकून गेला, ती मी जाऊन आणली. पनवेल सोडलं तवा तर तुला बी सांगितलं न्हाई त्यानं. तू म्हणतोस दादानं लई गावं बघितली. बघितली न्हाईत. सोडली."

मी म्हटलं, तो पळणार नाही. आता तो तसा राहिला नाही.

"घर जाईल म्हणून न्हाई म्हणत मी," आबा म्हणाले. "आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, घर गेलं तर फूटपाथवर बी निजतो. पण ती माणसं येऊन गेली."

दादा, दोन माणसं आली होती त्यांच्याकडे. चांगल्या कपड्यांतली. तुझ्या मालकाचं नाव त्यांनी घेतलं नाही. "विश्वजित कधी सुटतोय?" एवढंच, दोनदा विचारलं. आबांनी त्यांना चहा दिला. जाताना त्यातला एक आपल्या वैष्णवीला म्हणाला, अभ्यास कर. यापेक्षा जास्त मी लिहीत नाही, साहेबांनीही यापेक्षा जास्त वाचू नये.

"त्यो भायेर आला की एकतर पळल, न्हाईतर त्याला कोण उचलंल," आबा म्हणाले. "आत हाय तवर सांजच्याला मला ठावं असतंय, माझं पोरगं कुठं हाय. गेल्या बारा वर्सांत हे मला पहिल्यांदाच ठावं हाय."

आईने पदर तोंडाला लावला. तिने आबांना काही म्हणावं असं मला वाटत होतं.

चालत घणसोलीला आलो. वाटेत तुझी सगळी गावं मनात घोळवत होतो. नद्या, माग, कुत्री. एकाही गोष्टीत माणूस नव्हता, दादा. कुठल्या खोलीत कुणाबरोबर राहिलास, कुणी जेवायला वाढलं, कुणाशी भांडलास, एक नाव नाही. तू मला गाव सांगायचास तेव्हा बहुतेक ते सोडून बसस्टँडवर बसलेला असायचास. मी ती वहीत लिहून ठेवायचो आणि वाट बघायचो की पुढचं गाव कोणतं.

हे मी रागाने लिहीत नाही. मला राग येत नाही हेच कठीण झालं आहे. आबांशी भांडायचं म्हणून शब्द जुळवतो, आणि जुळवता जुळवता त्यांचंच वाक्य पुढे येतं. सकाळी दुकानाचं शटर उघडताना मी मनात म्हणतो, दादा आता उठला असेल. खोटं कशाला लिहू, त्याने मलाही बरं वाटतं. मी परत आबांना विचारणार नाही. ते नाही म्हणाले म्हणून नाही. मला त्यांचं पटलं म्हणून. हेच तुला काचेपलीकडून सांगता आलं नाही.

माझ्या नावावर काही असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत नाही.

मॅडम दुसरा अर्ज करणार आहेत. त्यांनी "बघू" म्हटलं, आणि त्या "बघू" कधी म्हणतात हे आता मला समजतं.

तारखेला मी कोर्टात येईन. स्वेटर आणि औषध आणतो, देऊ देतील तर. जामीनदार आहे का, असं जज्जसाहेब विचारतील तेव्हा दाराकडे वळून बघू नकोस. आबा नसतील. मी मागच्या बाकावर असेन, आणि तू वळलास तर मला मान खाली घालावी लागेल.

तू आहेस तिथेच राहावंस असं वाटणारा,
तुझा लहान भाऊ,
रणजीत